फीडर जहाज नकाशावर शोधताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात फीडर जहाजांवर चार ओळी काय छापल्या, प्रश्नांचा पाऊसच पडला. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मदर व्हेसल म्हणजे 400 मीटरपर्यंत लांब असलेलं अवाढव्य कंटेनर जहाज, ते सगळ्या बंदरांत शिरत नाही आणि शिरणं परवडतही नाही, मग आजूबाजूच्या बंदरांचा माल लहान जहाजाने तिथवर आणायचा आणि तिथून न्यायचा, ते लहान जहाज म्हणजे फीडर. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुंद्रा, हझिरा, न्हावा शेवा, कोची आणि पुढे श्रीलंकेतलं कोलंबो अशा फेऱ्या मारणारी ही जहाजं मोबाईलवरच्या नकाशावर रंगीत बाणासारखी दिसतात. प्रश्न बहुतेक त्या बाणाबद्दलचेच आहेत. सगळे घेता आले नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न: माझा मुलगा डेक कॅडेट म्हणून फीडर कंटेनर जहाजावर आहे. मुंद्रा, न्हावा शेवा, कोलंबो असं जहाज फिरतं. मोबाईलवर ॲप घेतलंय, त्यात रोज बघते. गेल्या आठवड्यात कन्याकुमारी सोडल्यावर लोकेशन जे अडकलं ते 9 तास जुनंच दाखवत होतं. मग दिसलं तर कोलंबोच्या अलीकडे भर समुद्रात, स्पीड 0.8, तोंड एकीकडे आणि जातंय भलतीकडे. मुलाचा फोन लागेना. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. असं का होतं? – एक आई, देवगड

उत्तर: काकू, यात काळजी करण्यासारखं काहीही नव्हतं, पण ॲप हे सांगत नाही ना, म्हणून जीव टांगणीला लागतो. नीट सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी झोप तरी लागेल.

जहाजावर एआयएस नावाचं यंत्र असतं. 300 ग्रॉस टनेजच्या वरच्या, परदेशी फेऱ्या करणाऱ्या प्रत्येक जहाजावर ते सक्तीचं आहे, 2004 च्या अखेरीपासून तर कुणालाच सूट नाही. हे यंत्र व्हीएचएफ रेडिओवरून आपलं ठिकाण, वेग, दिशा सतत ओरडून सांगत असतं, जहाज चालतं असेल तर दर 2 ते 10 सेकंदांनी, नांगरावर असेल तर दर 3 मिनिटांनी. मूळ हेतू काय, तर आजूबाजूच्या जहाजांनी टक्कर टाळावी. तुमच्या मोबाईलसाठी हे बनवलेलंच नव्हतं. किनाऱ्यावर कुणीतरी अँटेना लावून ते ऐकतो, इंटरनेटवर टाकतो आणि मग तुमच्या ॲपवर बाण हलतो.

आता व्हीएचएफची झेप किती, तर किनाऱ्यावरची अँटेना उंचावर असली तरी साधारण 40 सागरी मैल, हवा चांगली असली तर थोडं जास्त. कोकण, मलबार किनाऱ्याने जहाज खाली जातं तोवर कुठली ना कुठली अँटेना त्याला ऐकत राहते. कन्याकुमारी सोडलं की कोलंबोपर्यंत साधारण दीडशे सागरी मैल मोकळा समुद्र. तिथे जहाज ओरडतंय पण ऐकायला किनाऱ्यावर कुणी नाही. सॅटेलाइटला ऐकू जातं, पण ते लोकेशन बहुतेक साइट फक्त पैसे भरणाऱ्यांना दाखवतात. फुकटवाल्यांना शेवटचं ठिकाण आणि खाली बारीक अक्षरात "9 तासांपूर्वी". म्हणजे गायब जहाज झालं नव्हतं, तुमची खिडकी बंद झाली होती. 13 नॉटने, म्हणजे ताशी 13 सागरी मैलांनी, दीडशे मैल जायला अकरा-बारा तास लागतातच, तेव्हा 9 तास शांतता हे अगदी हिशोबात बसतं.

दुसरी गोष्ट ते 0.8 नॉट. याला ड्रिफ्टिंग म्हणतात. कोलंबोत मदर व्हेसलला बर्थ, म्हणजे धक्क्याला लागायची जागा, आधी मिळतो, तिचा तासाचा खर्च जबरदस्त, फीडरला सांगतात थांबा. समुद्र खोल असला की नांगर टाकण्यापेक्षा इंजिन बंद करून जहाज नुसतं तरंगत ठेवतात. मग वारा आणि प्रवाह नेईल तिकडे ते सरकतं. ॲपमध्ये दोन दिशा असतात बघा, एक हेडिंग म्हणजे नाळ, जहाजाचं पुढचं टोक, कुठे तोंड करून आहे ती, आणि दुसरी कोर्स म्हणजे जहाज प्रत्यक्षात कुठे सरकतंय ती. चालत्या जहाजात दोन्ही जवळपास सारख्या, ड्रिफ्टिंगमध्ये एक उत्तरेला तर एक आग्नेयेला असलं तरी नवल नाही. तुम्ही "तोंड एकीकडे आणि जातंय भलतीकडे" म्हणताय ते हेच.

फोनचं म्हणाल तर किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की मोबाईलची रेंज संपते आणि जहाजावरचं वायफाय मोजून मिळतं, त्यात कॅडेटला वॉच संपल्यावर झोप पहिली. खरंच काही घडलं तर ते ॲपवर आधी कळणारच नाही. मुलाला ज्या आरपीएसएल कंपनीने (खलाशी भरतीचा सरकारी परवाना असलेल्या कंपनीने) जहाजावर पाठवलं तिचा चोवीस तासांचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा, जहाजाचं नाव आणि आयएमओ नंबर त्याच कागदावर लिहा. तिथून उत्तर मिळालं नाही तर डीजी शिपिंगचं, म्हणजे सरकारच्या जहाज वाहतूक खात्याचं, डीजी कॉम सेंटर आहे, चोवीस तास चालू.

प्रश्न: आम्ही पिंपळगावहून कांदा कोलंबोला पाठवतो. फॉरवर्डर (माल पाठवायची व्यवस्था बघणारा एजंट) म्हणतो व्हेसल न्हावा शेव्याच्या अँकरेजला, म्हणजे बंदराबाहेर नांगर टाकून, उभी आहे, आम्ही नकाशावर बघतो तर त्याच नावाचं जहाज चीनमध्ये! तिसऱ्या साइटवर डेस्टिनेशन मुंद्रा. इकडे कांदा कंटेनरमध्ये भरून उभा. खोटं कोण बोलतंय? – निफाड तालुक्यातून, दोन-तीन वाचक

उत्तर: बहुधा कुणीच नाही, आणि असं म्हणताना मी फॉरवर्डरची बाजू घेत नाहीये, त्यांच्या "उद्या येतेय साहेब" ची मलाही पुरती ओळख आहे.

आधी नावाचं बघू. जहाजाचं नाव ही सगळ्यात बिनभरवशाची खूण. एकाच नावाची चार जहाजं असू शकतात, त्यात एखादा टग निघतो, एखादी मासेमारी बोट निघते. शिवाय कंपन्या मालिकेने नावं ठेवतात, वान हाय 503, वान हाय 507, एक आकडा चुकला की तुम्ही दुसरंच जहाज बघत बसता. फीडर तर भाड्याने देतात-घेतात, भाडेकरू बदलला की नाव पण बदलतं. कोरी पाटी लागते, रंग लागतो, जहाज तेच. मालक बदलून झेंडा बदलला तर एमएमएसआय नंबर, म्हणजे जहाजाच्या रेडिओचा ओळख नंबर, तोही बदलतो, कारण त्याचे पहिले तीन आकडे देशाचे, 419 म्हणजे भारत, 636 म्हणजे लायबेरिया.

न बदलणारी एकच गोष्ट, आयएमओ नंबर. सात आकडी, जहाज बांधताना मिळतो तो भंगारात जाईपर्यंत तोच. फॉरवर्डरकडे नाव मागू नका, आयएमओ नंबर मागा. आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर टाईप करताना चुकला नाही ना हे घरबसल्या तपासता येतं. उदाहरण म्हणून मे 2025 मध्ये कोचीजवळ बुडालेल्या एमएससी एल्सा 3 चा नंबर घ्या, 9123221. पहिल्या सहा आकड्यांना ओळीने 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणायचं. 9 साते 63, 1 सख 6, 2 पाचे 10, 3 चोक 12, 2 त्रिक 6, 2 दुणे 4. बेरीज 101. बेरजेचा शेवटचा आकडा 1, नंबरचा शेवटचा आकडाही 1. जुळलं म्हणजे नंबर बहुधा बरोबर. नाही जुळलं तर कुणीतरी आकडा गाळलाय किंवा उलटापालटा केलाय, सरळ परत विचारा.

आता ते मुंद्रा. एआयएसमधून जे येतं त्यातलं निम्मं यंत्र आपोआप भरतं आणि निम्मं माणूस हाताने टाईप करतो. ठिकाण, वेग, कोर्स हे जीपीएसवरून येतं, हेडिंग जायरो कंपासवरून, त्यावर सहसा विश्वास ठेवायला हरकत नाही. पण डेस्टिनेशन, ईटीए (पोचायची अंदाजी वेळ), ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बुडालंय) आणि "चालू आहे का नांगरावर" ही स्टेटस, ही सगळी ब्रिजवरचा ऑफिसर भरतो, बहुतेक जहाजांवर सेकंड ऑफिसर. मुंद्र्याहून निघताना बदलायचं राहिलं तर न्हावा शेव्याच्या अँकरेजला उभं राहूनही जहाज "मी मुंद्र्याला निघालोय" असंच सांगत राहतं. 14 नॉटने पळणाऱ्या जहाजावर "नांगरावर" ही स्टेटस तर हमखास सापडेल. जागाही फक्त 20 अक्षरांची, म्हणून बंदरांची पाच अक्षरी कोड लिहितात, न्हावा शेव्याचा आयएनएनएसए, कोलंबोचा एलकेसीएमबी. मुंबई बंदराचा कोड वेगळा आहे, तो बघून "जहाज मुंबई डॉकला गेलं" असं समजून गोंधळू नका, एकदा विचारून घ्या.

ईटीएबद्दल अजून एक. तो यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत भरलेला असतो. 05:00 दिसलं तर आपले साडेदहा. काही साइट स्वतःच बदलून दाखवतात, काही नाही, आणि ही साडेपाच तासांची गडबड दर हंगामात कुणाचा ना कुणाचा ट्रेलर उगाच गेटवर उभा करते. त्यात परत ईटीए म्हणजे बहुतेकदा पायलट स्टेशनला, म्हणजे बंदराचा वाटाड्या जहाजावर चढतो तिथे, पोचायची वेळ, बर्थला लागायची नव्हे. मध्ये अँकरेजवर बारा तास गेले तर ते कुठल्याच ईटीएत नसतात.

खरं सांगू का, कांदेवाल्याने नकाशा बघायचाच कशाला? तुमच्या कामाची गोष्ट गेट ओपन आणि कट-ऑफ, म्हणजे टर्मिनल डबे कधीपासून घेणार आणि कधीपर्यंत, आणि ती टर्मिनलच्या वेळापत्रकात असते. न्हावा शेव्याला कंटेनरची पाच टर्मिनल्स आहेत, तुमची व्हेसल कुठल्या टर्मिनलला लागणार ते बुकिंगवर बघा, त्याच टर्मिनलची साइट उघडा, आयएमओ किंवा व्हेसल-व्हॉयेज (जहाजाचं नाव आणि फेरीचा नंबर) टाकून बघा. नकाशाचा उपयोग तिथे, जेव्हा वेळापत्रक म्हणतं उद्या सकाळी बर्थिंग आणि नकाशावर जहाज अजून हझिऱ्याच्या बर्थवर बांधलेलं आहे. मग समजायचं की कट-ऑफ पुढे सरकणार, आणि नाशकातून गाडी काढायची घाई करायची नाही. कांद्याला ते दोन दिवस फार महाग पडतात, हे तुम्हाला मी काय सांगणार.

अजून एक फरक ध्यानात ठेवा, जहाज शोधणं वेगळं आणि आपला डबा शोधणं वेगळं. डबा त्या जहाजावर चढलाच नसेल, शटआउट झाला असेल, तर जहाज कोलंबोला पोचलं म्हणून तुम्ही खूश आणि कांदा यार्डातच. डब्यासाठी कंटेनर नंबर लागतो, चार अक्षरं आणि सात आकडे. भारतातल्या बंदरांसाठी लॉजिस्टिक्स डेटा बँक आहे, एलडीबी, 2016 मध्ये जेएनपीटी म्हणजे न्हावा शेव्यापासूनच सुरू झाली, कंटेनर नंबर टाकला की गेट इन कधी, टोल नाका कधी ओलांडला, हे फुकटात कळतं. समुद्रापलीकडचं मात्र शिपिंग लाइनच्या साइटवरच बघा.

पोचायला किती लागेल याचा अंदाज हवा तर न्हावा शेवा ते कोलंबो साधारण 900 सागरी मैल, 13 नॉटने जवळपास तीन दिवस. वाटेत कोची असेल तर एक-दीड दिवस धरा वरती.

प्रश्न: मी वास्कोला नॉटिकल सायन्सची तयारी करतोय. एकाच फीडरची माहिती तीन साइटवर तीन प्रकारची मिळते, एकीकडे 1,700 टीईयू (म्हणजे वीस फुटी डबे), एकीकडे 1,300. लांबीतही फरक. खरी स्पेसिफिकेशन्स कुठे मिळतात? – एक विद्यार्थी, वास्को

उत्तर: पहिली गोष्ट, स्पेसिफिकेशन्स एआयएसवरून येतच नाहीत, लांबी-रुंदी सोडली तर. जहाजाच्या प्रकारासाठी एआयएसमध्ये दोन आकडी कोड असतो, 70 ते 79 म्हणजे कार्गो. बस्स. कंटेनरवालं आहे का कोळशाचं हे त्यात सांगायची सोयच नाही. म्हणजे साइट जे टीईयू, डेडवेट, बांधणीचं वर्ष दाखवते ते तिने कुठल्यातरी रजिस्टरमधून उचलून ठिपक्याला जोडलेलं असतं, आयएमओ नंबरच्या आधाराने. कुणी कुठून उचललं त्यावर आकडे बदलतात.

1,700 आणि 1,300 हे दोन्ही बरोबर असू शकतात. 1,700 म्हणजे जहाजावर वीस फुटी डबे ठेवायला जागा किती. आता प्रत्येक डबा 14 टनांचा धरला तर 1,700 गुणिले 14 म्हणजे 23,800 टन. अशा जहाजाचं डेडवेट असतं साधारण 22-23 हजार टन, आणि त्यात इंधन, पाणी, बॅलास्ट, सामान, माणसं सगळं आलं. म्हणजे सगळ्या जागा भरलेल्या डब्यांनी भरताच येत नाहीत, शिवाय वरच्या थरात वजन गेलं की स्टॅबिलिटीचा प्रश्न. म्हणून धंद्यातली माणसं विचारतात "14 टनाने किती?" आणि उत्तर येतं तेराशेच्या आसपास. चार्टरिंगवाल्याला, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याला, हा दुसरा आकडा महत्त्वाचा, जाहिरातवाल्याला पहिला.

ग्रॉस टनेज आणि डेडवेट यांची तर परीक्षेतही लोक खिचडी करतात. ग्रॉस टनेज हे जहाजाच्या बंद जागेचं माप, त्याला वजनाशी काही घेणंदेणं नाही. डेडवेट म्हणजे जहाज किती टन भार घेऊ शकतं. मराठी बातम्यांमध्ये "अमुक टनांचं जहाज" असं छापून येतं तेव्हा कुठलं टन हे देवालाच ठाऊक.

लांबीचं कारण असं. एआयएस लांबी सरळ सांगत नाही, जीपीएस अँटेनापासून नाळ किती मीटर, वरामी म्हणजे मागचं टोक किती, डावीकडे किती, उजवीकडे किती असे चार आकडे देतं, पूर्ण मीटरमध्ये. पहिल्या दोघांची बेरीज म्हणजे लांबी. यंत्र बसवताना तंत्रज्ञाने हे भरलेलं असतं, चुकलं तर चुकलेलंच राहतं वर्षानुवर्षं. फीडरची ब्रिज बहुतेकदा मागे असते, अँटेना तिच्यावर, म्हणजे नकाशावरचा ठिपका जहाजाच्या मागच्या बाजूचा. दीडशे-पावणेदोनशे मीटरच्या जहाजात हा फरक बराच, म्हणून बर्थला बांधलेलं जहाज कधीकधी पलीकडच्या बर्थवर असल्यासारखं दिसतं.

ड्राफ्टचं पण बघ. रजिस्टरमध्ये असतो तो जास्तीत जास्त ड्राफ्ट, ॲपवर असतो तो ऑफिसरने या फेरीला भरलेला. दोन आकडे वेगळे दिसले तर चूक शोधत बसू नकोस, उलट त्यावरून जहाज भरलेलं आहे का हलकं हे कळतं, अर्थात ऑफिसरने तो बदलला असेल तर.

खात्रीचं हवं असेल तर इक्वेसिस. 2000 साली सुरू झालेली, युरोपियन कमिशन आणि फ्रान्सने मिळून उभी केलेली साइट, नाव नोंदवलं की फुकट. ग्रॉस टनेज, डेडवेट, बांधणीचं वर्ष, झेंडा, मालक, मॅनेजर, क्लास (जहाज तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था) आणि कुठल्या बंदरात पोर्ट स्टेट कंट्रोलने, म्हणजे त्या देशाच्या तपासनिसांनी, काय दोष काढले, कधी जहाज अडवून ठेवलं, सगळं. मी तर म्हणेन जहाजावर जॉइन होण्याआधी प्रत्येक पोराने आपल्या जहाजाचं ते पान वाचावं, टीईयूपेक्षा ते जास्त कामाचं. इक्वेसिसवर क्लास कळला की त्या क्लास सोसायटीचं रजिस्टर उघडायचं, मोजमापं तिथे नेमकी मिळतात. रीफर प्लग (थंड डब्यांसाठी वीजजोडण्या) किती, स्वतःची क्रेन आहे का, हे मालकाच्या किंवा ऑपरेटरच्या फ्लीट पेजवर, आणि क्रेनचं तर फोटो बघूनही कळतं.

आणि हे आकडे असे का, हे पण बघत जा, मजा येते. 172 मीटर लांबीची खूप फीडर सापडतील. कारण बँकॉकचं ख्लोंग तोई बंदर चाओ फ्राया नदीत आत आहे, तिथे 172 मीटरच्या वर आणि 8.2 मीटर ड्राफ्टच्या वर जाता येत नाही, मग त्या मापाची जहाजंच बांधली गेली, त्यांना बँकॉकमॅक्स म्हणतात. बांगलादेशातलं चितगाव कर्णफुली नदीवर, तिथे 2023 पासून 200 मीटर आणि 10 मीटर ड्राफ्टपर्यंत परवानगी मिळाली, आधी 190 आणि 9.5 होतं. कागदावर दहा मीटर वाढले, पण डब्यांच्या हिशोबात ते बरेच होतात. चितगावला बर्थवरच्या क्रेन कमी पडायच्या म्हणून स्वतःची क्रेन असलेल्या फीडरना तिथे भाव होता. म्हणजे स्पेसिफिकेशनचा कागद वाचला की जहाज कुठल्या बंदरासाठी जन्माला आलं ते ओळखता येतं.

प्रश्न: आमची बोट आहे. रात्री जाळी टाकून असतो तेव्हा कंटेनर बोटी जवळून जातात, पोरं मोबाईलवर ॲप बघून सांगतात अजून लांब आहे. यावर भरवसा ठेवावा का? – अलिबाग

उत्तर: नाही दादा, अजिबात नको. ॲपवरचं लोकेशन काही मिनिटं जुनं असू शकतं. 15 नॉटने येणारं जहाज एका मिनिटात 460 मीटर कापतं, पाच मिनिटं जुनं लोकेशन म्हणजे सव्वादोन किलोमीटरचा फरक, आणि रात्री तेवढाच तर तुमच्याकडे असतो. रेंज गेली तर बाण जागच्या जागी थिजतो आणि पोरं म्हणतात थांबलंय. दुसरं म्हणजे तुम्ही त्याला बघताय, तो तुम्हाला बघतोय का? बोटीवर एआयएस नसेल तर त्याच्या स्क्रीनवर तुम्ही फक्त रडारवरचा बारीक ठिपका, लाटा उसळत असतील तर तोही नाही. परवडलं तर बी क्लासचं, म्हणजे लहान बोटींसाठीचं, एआयएस बसवा, ते थेट जहाजाशी बोलतं, मध्ये इंटरनेट नाही. दिवे नियमाप्रमाणे लावा, व्हीएचएफ रेडिओचं 16 नंबरचं चॅनेल चालू ठेवा आणि एक माणूस जागा. मोबाईल घरच्यांशी बोलायला.

प्रश्न: एमएससी एल्सा 3 बुडालं तेव्हा ट्रॅकिंग साइटवर काही कळलं असतं का? बुडालेल्या जहाजाचा ठिपका तसाच कसा राहतो? – पुणे

उत्तर: ते जहाज याच विषयातलं, 1997 साली बांधलेलं, साधारण 184 मीटर लांब, केरळातल्याच विळिंजमहून कोचीला निघालेलं. विळिंजमला मोठी जहाजं लागायला लागली आणि तिथून आजूबाजूला डबे पोचवायचं हे फीडरचं काम. 24 मे 2025 ला कोचीपासून 38 सागरी मैलांवर ते 26 अंश कलंडलं, 25 तारखेला सकाळी बुडालं. सगळे 24 खलाशी वाचले, तटरक्षक दलाने 21 आणि नौदलाच्या आयएनएस सुजाताने 3.

एआयएसमध्ये "मी कलतोय" असं सांगणारा आकडाच नाही. स्टेटस माणसाने बदलायची, आणि त्या वेळी ब्रिजवरच्या माणसाला दुसरी कामं असतात. बाहेरच्याला दिसलं असतं ते एवढंच की वेग पडला आणि जहाज सरकायला लागलं, म्हणजे देवगडच्या काकूंना दिसलं तेच, ड्रिफ्टिंग! म्हणून नुसत्या ठिपक्यावरून संकट ओळखता येत नाही, आणि संकट नाही हेही नाही. वीज गेली की यंत्र थोडा वेळ बॅटरीवर चालतं, मग गप्प. साइट शेवटचं ठिकाण धरून ठेवते, तिला काय माहीत जहाज आहे का तळाला.

संकटाचं यंत्र वेगळं असतं, ईपर्ब. जहाज बुडायला लागलं की ते आपोआप सुटून वर येतं आणि 406 मेगाहर्ट्झवर सॅटेलाइटला कळवतं. भारतात तो निरोप बंगळुरूच्या केंद्रातून तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राकडे जातो. आपल्या ॲपवर त्यातलं काही येत नाही.

आणि डब्यात काय आहे हे तर ठिपका कधीच सांगत नाही. एल्सावर 640 डबे होते, त्यातल्या 13 मध्ये धोकादायक माल, 12 मध्ये कॅल्शियम कार्बाइड, हे सरकारने सांगितलं तेव्हा कळलं. 2021 मध्ये कोलंबोजवळ जळालेलं एक्स-प्रेस पर्ल हे त्याच वर्षी बांधलेलं कोरं करकरीत फीडर, नायट्रिक ॲसिडचा गळका डबा घेऊन आपल्या हझिऱ्याला येऊन गेलं होतं, डबा तिथे उतरवला गेला नाही आणि जहाज पुढे कोलंबोला. नकाशावर ते तेव्हा इतर शंभर जहाजांसारखंच दिसत होतं.

प्रश्न: जहाजाने एआयएस बंद केलं म्हणजे काहीतरी काळंबेरं असतं ना? आणि जहाज जमिनीवर, वाळवंटात दिसतं ते काय? – डोंबिवली

उत्तर: काळंबेरं करणारे बंद करतात हे खरं, पण दर वेळी तसंच नाही. चालू ठेवल्याने जहाजाला धोका आहे असं कॅप्टनला वाटलं तर बंद करायची मुभा त्याला आहे. तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर कित्येकांनी ते केलं, आणि ज्यांनी चालू ठेवलं त्यांच्यातल्या काहींनी डेस्टिनेशनच्या जागी बंदराऐवजी "सगळे चिनी खलाशी" किंवा "सशस्त्र रक्षक आहेत" असं लिहून ठेवलं! वीस अक्षरांत जीव वाचवायचा प्रयत्न.

जमिनीवर दिसतं ते जीपीएसमधल्या ढवळाढवळीमुळे. एआयएस बिचारं जीपीएस सांगेल तेच पुढे सांगतं, जीपीएसलाच कुणी खोटा सिग्नल दिला की जहाज वाळवंटात जातं, गोल गोल फिरतं, एका जागी पन्नास जहाजं एकावर एक दिसतात. इराणच्या आखाताजवळ जून 2025 मध्ये असं भरपूर झालं. दुबईच्या जेबेल अली बंदराला माल पाठवणाऱ्यांनी अशा दिवसांत नकाशा बंद करून एजंटला फोन करावा.

प्रश्न: फुकटचं ॲप पुरतं का पैसे भरावेत? – बऱ्याच जणांचा

उत्तर: घरचं माणूस जहाजावर आहे म्हणून बघत असाल तर फुकटचं पुरे, फक्त "किती वेळापूर्वीचं लोकेशन" ती ओळ आधी वाचायची सवय लावा. महिन्याला दोन-चार डबे पाठवणाऱ्यानेही पैसे घालू नयेत, लाइनची साइट, टर्मिनलचं वेळापत्रक आणि एलडीबी यात काम भागतं. ज्यांचा माल कोलंबोत फीडरवरून उतरून मदर व्हेसलवर चढतो आणि पुढे युरोपला जातो, आणि कनेक्शन चुकलं तर ग्राहक दंड लावतो, त्यांनी सॅटेलाइटवालं घ्यावं, पण आधी महिनाभराची ट्रायल मागा आणि त्या महिन्यात आपल्याच दोन-तीन व्हेसल कन्याकुमारी-कोलंबो पट्ट्यात किती वेळा दिसतात ते बघा. तिथे दिसत नसतील तर ते ॲप आपल्या कामाचं नाही, कितीही रंगीत असलं तरी.